अ‍ॅम्बॅसिडर आणि फियाट : सौंसरच्या रस्त्यावरून



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी पाच वर्षे बसलो. ते गणित शिकवीत आणि भूगोलही शिकवीत. परंतु हे दोन्ही विषय त्यांनी वर्गाच्या चार भिंतींत फारसे शिकविल्याचे मला स्मरत नाही. क्षेत्रफळ शिकविण्यासाठी ते आम्हांला संत्र्याच्या बागेत नेत आणि वेग शिकविण्यासाठी नागपूर-छिंदवाडा रस्त्याच्या कडेला निंबाखाली बसवीत. दोन खांबांमधील अंतर पावलांनी मोजावयाचे, गुरुजींच्या मनगटावरील घड्याळाकडे एकाने पाहावयाचे आणि रस्त्याने जे वाहन जाईल त्याचा वेग काढावयाचा, असा तो पाठ असे. बैलगाड्या पुष्कळ असत, सायकली असत, मालमोटारी आणि एस.टी. असत. मोटार मात्र क्वचित येई. आली की आम्ही गणित विसरून उभे राहत असू आणि गुरुजी रागावण्याऐवजी विचारीत, ‘कोणती होती?’

या प्रश्नाला त्या काळी दोनच उत्तरे होती. अ‍ॅम्बॅसिडर किंवा फियाट. मद्रासला तयार होणारी स्टँडर्ड हेरल्ड नावाची तिसरी एक होती खरी, पण आमच्या रस्त्यावर ती इतकी दुर्मीळ की तिच्यासाठी वहीत रकाना आखण्याची गरज पडली नाही.

आजचा माझा विषय पाहून काही जणांना आश्चर्य वाटले असेल. या भूमीचा इतिहास म्हटला म्हणजे देवगडचे गोंड राजे, नागपूरकर भोसले, सी. पी. अँड बेरार प्रांत हे विषय येतात, आणि ते यावयासच हवेत. मी स्वतः आयुष्यभर तेच शिकविले. पण राज्ये ज्या रस्त्यांनी येतात आणि जातात त्या रस्त्यांवरून काय धावत होते, हाही इतिहासच होय. आमच्या बाबतीत तर त्याला एक विशेष अर्थ आहे आणि तो सांगण्यासाठी मला प्रथम १९५६ सालाकडे जावे लागेल.

१९५६ पूर्वी मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. सौंसरच्या माणसाचे कोर्टाचे काम, कॉलेज, दवाखाना, संत्र्याचा बाजार आणि बहुधा सोयरीकही दक्षिणेस सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या नागपुरातच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, नागपूर-विदर्भ तेव्हाच्या द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर सौंसर-पांढुर्णा नव्या मध्यप्रदेशात राहिले. राजधानी भोपाळ झाली. एका रात्रीत सरकारचे तोंड उत्तरेकडे वळले. माणसांचे तोंड मात्र दक्षिणेकडेच राहिले. उत्तरेकडे जावयाचे तर सातपुड्याचा सिल्लेवानी घाट चढून छिंदवाड्याच्या पठारावर जावे लागे. दक्षिणेकडे सावनेरमार्गे नागपूर, तो रस्ता सपाटीचा. १९१३ साली सुरू झालेली नॅरोगेज आगगाडी दोन्हीकडे जाई, पण तिच्या गतीविषयी मी या ठिकाणी काही बोलू इच्छीत नाही. ज्यांनी तीतून प्रवास केला आहे ते जाणतात.

आता आमच्या वहीतील नोंदी पाहा. घाट उतरून जी मोटार येई ती बहुतेक वेळा पांढरी अ‍ॅम्बॅसिडर असे आणि तीत कोणी ना कोणी अधिकारी असे. नागपूरकडून जी येई ती पुष्कळदा फियाट असे. तीत डॉक्टर, वकील, व्यापारी किंवा दिवाळसणाला आलेला जावई असे. अपवाद दोन्ही बाजूंनी होते, आणि तालुक्याच्या साहेबांची खरी गाडी जीप हीच होती, हेही नमूद केले पाहिजे. तरी एकंदरीत आम्हां मुलांच्या मनात अ‍ॅम्बॅसिडर म्हणजे सरकार आणि फियाट म्हणजे नागपूर असे समीकरण पक्के बसले होते.

या दोन्ही मोटारी जन्माने परदेशी, आणि दोघींना भारतात आणणारी माणसे स्वदेशीच्या पिढीतील होती. हिंदुस्थानात मोटारीचा कारखाना असावा, ही योजना सर विश्वेश्वरय्या यांनी १९३० नंतरच्या दशकात मांडली होती. त्या वेळी जनरल मोटर्स आणि फोर्ड या अमेरिकी कंपन्या मुंबईत सुटे भाग आणून मोटारी जोडीत व विकीत असत. येथे बनवीत काही नसत. विश्वेश्वरय्यांची कल्पना पुढे नेली ती सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी. आगबोटी, विमाने आणि साखर या तिन्ही उद्योगांत हात घातलेल्या या गृहस्थाने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभारला. प्रारंभी तेथे अमेरिकी क्रायस्लर कंपनीच्या गाड्या व मालमोटारी निघत. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी येऊ लागली. गोल पाठीची, पुढची दारे उलट्या बाजूने उघडणारी ती पहिली आवृत्ती मराठी मुलखात ‘डुक्कर फियाट’ या नावाने अजरामर झाली. वालचंदशेठ त्यापूर्वीच, १९५३ मध्ये निवर्तले होते. हे नाव त्यांच्या कानी पडले नाही, हे बरेच झाले.

दुसरी कंपनी बिर्लांची. हिंदुस्थान मोटर्सची स्थापना १९४२ ची. आरंभ गुजरातेत ओखा बंदरी, आणि १९४८ पासून कारखाना कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे. त्यांचा संबंध इंग्लंडच्या मॉरिस कंपनीशी. मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीची तिसरी मालिका १९५६ साली इंग्लंडात निघाली आणि १९५७-५८ मध्ये तीच उत्तरपाड्याहून अ‍ॅम्बॅसिडर या नावाने बाहेर पडली. म्हणजे एकीचे आजोळ ऑक्सफर्डला, दुसरीचे तुरीनला. एकीचे सासर हुगळीच्या काठी, दुसरीचे मुंबईत. सौंसरच्या माणसाला त्यांपैकी कोणतेच ठिकाण जवळचे नव्हते.

आता गुरुजींना आवडले असते त्या भागाकडे, म्हणजे आकड्यांकडे वळतो. वर्षावर्षाच्या आवृत्तींत थोडाफार फरक पडतो. म्हणून मी साधारण १९६५ ते १९८० या काळातील पेट्रोल गाड्यांचे आकडे घेत आहे.

अ‍ॅम्बॅसिडरचे इंजिन १४८९ सी.सी. क्षमतेचे, शक्ती सुमारे ५० अश्वशक्ती. फियाटचे इंजिन १०८९ सी.सी. क्षमतेचे, शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती. एवढ्यावरून अ‍ॅम्बॅसिडर बलवान असा निष्कर्ष कोणीही काढील, आणि माझे वडील तो आयुष्यभर काढीत आले. परंतु अ‍ॅम्बॅसिडरचे वजन सुमारे ११२० किलो आणि फियाटचे सुमारे ८९५ किलो. शक्तीला वजनाने भागून पाहा. दर टनामागे एकीला पंचेचाळीसच्या जरा आत अश्वशक्ती मिळते आणि दुसरीलाही पंचेचाळीसच्या जरा आतच. इतकी वर्षे घरोघरी जो वाद चालला, त्याचा पाया हा असा समसमान आहे.

आणखी एक उदाहरण. अ‍ॅम्बॅसिडर लिटरमागे नऊ-दहा किलोमीटर जाई, फियाट बारा-तेरा. पण पहिलीची टाकी ५४ लिटरची, दुसरीची ३८ लिटरची. गुणाकार केला की दोघीही एका टाकीत पाचशे किलोमीटरच्या आसपास थांबतात. कमाल वेगातही उन्नीस-बीसचाच फरक, दोघीही ताशी १२० किलोमीटरच्या आगेमागे; आणि त्या वेगाने जाता येईल असा रस्ता आमच्या तालुक्यात तेव्हा नव्हताच.

मग फरक कोठे होता? तो शक्ती किती यात नव्हता, ती केव्हा मिळते यात होता. अ‍ॅम्बॅसिडरचे इंजिन मोठे, मंद फिरणारे. ते आपली पूर्ण शक्ती मिनिटाला सुमारे ४२०० फेऱ्यांना देई आणि त्याच्या बरेच खालीही चांगली ओढ देई. फियाटचे इंजिन लहान आणि चपळ. पूर्ण शक्तीसाठी त्याला ४८०० फेऱ्यांपर्यंत पळवावे लागे. म्हणून अ‍ॅम्बॅसिडर चालविणारा गिअर क्वचित बदली आणि फियाट चालविणारा सारखा बदलत राही. दोघींचाही गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबाला आडवा, चार गिअर पुढचे. बैल आणि घोडा यांत जो फरक, तोच येथे होता असे मी म्हणेन. आणि आमच्या भागात बैलाला कमी लेखण्याची रीत नाही.

दुसरा फरक मापाचा. अ‍ॅम्बॅसिडर सुमारे ४३१ सेंटिमीटर लांब आणि १६८ सेंटिमीटर रुंद. फियाट सुमारे ३९३ लांब आणि १४६ रुंद. रुंदीतील हे बावीस सेंटिमीटर म्हणजे जेमतेम एक वीत. पण मागच्या आसनावर ती वीत म्हणजे एक माणूस असतो. चाकेही अ‍ॅम्बॅसिडरची पंधरा इंची, फियाटची चौदा. पुढच्या चाकांना अ‍ॅम्बॅसिडरमध्ये पिळाच्या दांड्यांचा आधार, फियाटमध्ये गुंडाळीच्या स्प्रिंगांचा; मागे दोघींनाही पाट्यांच्या स्प्रिंगा. परिणाम असा की खड्ड्यांच्या रस्त्यावर अ‍ॅम्बॅसिडर नावेसारखी डुले आणि आतल्या म्हाताऱ्या माणसांना झोप लागे. फियाट खड्डा सांगून जाई, पण वळणावर तिच्यासारखी आज्ञाधारक दुसरी नव्हती.

हे सर्व कागदावरचे झाले. १९७३ च्या मे महिन्यात मला ते रस्त्यावर पाहावयास मिळाले. छिंदवाड्याला आमच्या घरचे लग्न होते. वडिलांनी दोन वर्षांपूर्वी नागपुरातून एक जुनी अ‍ॅम्बॅसिडर घेतली होती, आणि मामा नागपुराहून आपली फियाट घेऊन आले होते. संत्र्याच्या व्यापाराखातर वडिलांनी अ‍ॅम्बॅसिडर घेतली, हे मामांना मुळीच पटलेले नव्हते; तांगा सोडून बैलगाडी घेतली, असे ते माझ्या आईदेखत म्हणत. त्या दिवशी दोन्ही गाड्या एकदमच सौंसरहून निघाल्या. अ‍ॅम्बॅसिडरमध्ये मुलांसह आम्ही नऊ जण, डिकीत फराळाचे डबे, टपावर दोन वळकट्या आणि एक पितळी गुंड. फियाटमध्ये मामा, मामी, त्यांची दोन मुले आणि आहेराची पेटी.

रामाकोन्यापर्यंत दोघी मागेपुढे होत्या. घाट लागला आणि फियाट वळणावळणाने वर निघून गेली. थोड्या वेळाने तिचा आवाजही येईना. आमची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये एकाच सुरात चढत होती. अर्ध्या घाटात रेडिएटरची वाफ निघू लागली. मे महिन्यातील दुपार, नऊ माणसे आणि पितळी गुंड. दोष गाडीचा नव्हता, आमचा होता. वडिलांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले आणि आम्ही सागाच्या विरळ सावलीत बसलो. पाऊण तासाने वर पोहोचलो तेव्हा मामा बॉनेट उघडून उभे होते. त्यांचे म्हणणे, आमची वाट पाहण्यासाठी थांबलो. वडिलांनी बॉनेटकडे पाहिले आणि काही बोलले नाहीत. हा मौनाचा विजय त्यांनी पुढे अनेक वर्षे उपभोगला.

कोणती गाडी चांगली, याचे उत्तर मी त्या दिवसापुरते फियाट असे देईन. चार माणसे, हलके सामान आणि वळणाचा चढ, यांत ती निःसंशय सरस होती. पुढे मोटार चालविण्याचे पहिले धडेही मी मामांच्या फियाटवरच घेतले आणि दांड्याचा दुसरा व चौथा गिअर यांत घोटाळा करून एकदा तिला शेताच्या धुऱ्यावर चढविले. मामांनी त्याबद्दल मला एक शब्दही लावला नाही, आणि गाडीनेही नाही.

परंतु पुढच्या वर्षीच्या श्रावणात आजी आजारी पडली. सौंसरच्या डॉक्टरांनी रात्री दहाच्या सुमारास सांगितले की नागपूरला हलवा. पाऊस लागलेला होता. आगगाडी सकाळी. रुग्णवाहिका ही वस्तू तेव्हा आमच्या कल्पनेतही नव्हती. अ‍ॅम्बॅसिडरच्या मागच्या आसनावर गादी अंथरून आजीला आडवे केले; तिचे डोके आईच्या मांडीवर, आणि पायांशी खाली मी बसलो. दोन आसनांच्या मधली ती जागा, जेथे त्या रात्री मी दोन-अडीच तास बसलो, तिचे माप मी पुढे पुष्कळ वेळा मनाशी घेतले आहे. लोधीखेड्याच्या पुढे एका नाल्याला पाणी होते. वडिलांनी काच खाली करून कंदील धरला, पाण्याचा अंदाज घेतला आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी हळूहळू पलीकडे काढली. नाक्यावरच्या माणसाने आत पाहिले आणि कागद न मागता अडसर वर केला. आम्ही पहाटेपूर्वी दवाखान्यात होतो. आजी त्यानंतर अकरा दिवस होती. परत येतानाही ती त्याच आसनावर होती, आणि त्या वेळी रस्ता कोरडा होता.

घरात त्यानंतर फियाट-अ‍ॅम्बॅसिडरचा वाद मामांनी पुन्हा काढला नाही.

असो. या दोन गाड्यांचा इतिहास सांगताना एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर हे व्याख्यान निव्वळ आठवणींचा फराळ ठरेल. १९५७ सालची अ‍ॅम्बॅसिडर आणि १९८७ सालची अ‍ॅम्बॅसिडर शेजारी उभ्या केल्या, तर लहान मुलालाही त्या एकाच आईच्या लेकी म्हणून ओळखता येतील. पुढची जाळी बदलली, दिवे बदलले, मार्क दोन, मार्क तीन, मार्क चार अशी नावे झाली. सांगाडा तोच राहिला. १९५९ मध्ये जुन्या पद्धतीचे इंजिन काढून जे १४८९ सी.सी. चे नवे बसविले तेच तीन दशके चालले. फियाटचीही कथा निराळी नाही. १९६४ मध्ये डिलाइट हे रूप आले, १९७२ मध्ये तिचे नाव प्रेसिडेंट झाले, १९७४ मध्ये पद्मिनी. चितोडच्या राणीचे नाव मिळाले. यंत्र इटलीने १९५३ साली जगापुढे ठेवले होते त्याच वंशाचे. खुद्द इटलीत ११०० ची निर्मिती १९६९ मध्ये थांबली होती.

असे का झाले? १९५३ मध्ये सरकारने टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून असे धोरण स्वीकारले की ज्यांना येथे टप्प्याटप्प्याने संपूर्ण गाडी बनवावयाची असेल त्यांनीच राहावे. नुसत्या जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. उद्देश चांगला होता आणि मी त्याला नावे ठेवणार नाही. सुट्या भागांचे कारखाने, साचे, ओतकाम, कुशल कामगार हे सर्व त्या धोरणातूनच उभे राहिले. पण नवा कारखाना काढावयास परवाना, उत्पादन वाढवावयास परवाना, परदेशी यंत्र आणावयास परवाना. लहान व स्वस्त मोटारीचा विचार १९६० च्या झा समितीपासून चालू होता. समित्या झाल्या, मोटार झाली नाही. १९६९ मध्ये सरकारने मोटारींच्या किमती ठरवून दिल्या, कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७१ मध्ये निकाल लागला. गिऱ्हाईक मात्र नोंदणी करून वर्षानुवर्षे रांगेत. ज्याला घाई असे तो ‘ऑन’चे पैसे मोजी. जुनी गाडी नव्याच्या किमतीला विकली जाण्याचा चमत्कार आमच्या पिढीने पाहिला आहे. ज्या दुकानदाराला दारासमोरची रांग संपणार नाही याची खात्री असते, तो माल कशाला सुधारील? हा साधा प्रश्न तीस वर्षे दिल्लीत कोणी विचारला नाही. विचारला असल्यास तो फायलीत राहिला.

सामान्य माणसाला मोटार म्हणजे काय होती, याची एकच सर्वश्रुत गोष्ट सांगतो. १९६४ मध्ये पंतप्रधान झाल्यानंतर लालबहादूर शास्त्रींनी घरासाठी फियाट घेतली. किंमत बारा हजार रुपये. त्यांपैकी पाच हजार रुपये त्यांना पंजाब नॅशनल बँकेतून कर्जाऊ काढावे लागले आणि त्यांच्या मृत्यूनंतर ते ललितादेवींनी फेडले. देशाच्या पंतप्रधानाची ही स्थिती, तेथे सौंसरच्या शाळामास्तरांची काय कथा? गुरुजींनी आम्हांला शेकडो मोटारींचे वेग काढावयास शिकविले. ते स्वतः अखेरपर्यंत सायकलीवर होते.

न बदलण्याचा एक लाभ मात्र आम्हांला झाला, आणि तो मी कृतज्ञतेने नोंदवितो. एकच यंत्र तीस वर्षे चालले म्हणून गावोगावच्या मिस्त्रींना ते पाठ झाले. आमच्या येथले एक मिस्त्री चौथीपर्यंत शिकलेले. पण अ‍ॅम्बॅसिडरचा क्लच ते बोलता बोलता उतरवीत आणि इंजिनचा बिघाड आवाजावरून सांगत. टायमिंग बसविताना ते कानाला स्क्रू-ड्रायव्हरची मूठ लावून बसत, तेव्हा मला वैद्याची आठवण येई. भाग मिळाला नाही तर तो लेथवर करून घेत. नागपूरहून मागविलेल्या मालापेक्षा तो अधिक टिके असा त्यांचा दावा होता. फियाटला त्यांचा हात नाजूकपणे लागे. ‘हिच्यात जागा नाही, हात शिरत नाही,’ अशी त्यांची तक्रार असे, आणि ती मापाच्या दृष्टीने योग्यच होती. पेट्रोल १९७३ च्या जागतिक तेलसंकटानंतर महागले. दशक संपता संपता अ‍ॅम्बॅसिडरला डिझेल इंजिन मिळाले. शक्ती अवघी ३७ अश्वशक्ती. मघाचा भागाकार पुन्हा केला तर टनामागे बत्तीस-तेहतीस येते. आमच्या रस्त्यावरच्या भाड्याच्या गाड्या तरीही भराभर डिझेलच्या झाल्या. घाटात त्यांच्या मागे लागलेल्या माणसाला धीर या सद्गुणाचा पुरेसा अभ्यास होई.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती पडली. ७९६ सी.सी., तीन सिलिंडर, किंमत सुमारे ४७,५०० रुपये. त्यानंतर दोन्ही जुन्या गाड्यांनी जागे होण्याचा प्रयत्न केला. अ‍ॅम्बॅसिडरला १९९० नंतरच्या दशकात जपानच्या इसुझूचे १८१७ सी.सी. चे पंचाहत्तर अश्वशक्तीचे इंजिन आणि पाच गिअर मिळाले. हीच गाडी पंधरा वर्षे आधी निघाली असती, तर आमच्या वडिलांनी सौंसरमध्ये साखर वाटली असती. पद्मिनीलाही डिझेल इंजिन मिळाले आणि गिअरचा दांडा खाली आला. उशीर झाला होता. पद्मिनीची निर्मिती २००० च्या सुमारास बंद पडली. अ‍ॅम्बॅसिडरची मे २०१४ मध्ये. अ‍ॅम्बॅसिडर हे नाव २०१७ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने ऐंशी कोटी रुपयांना घेतले. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे; २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांत तिची छायाचित्रे आली, लोकांनी हळहळ व्यक्त केली. मामा असते तर ते कात्रण त्यांनी जपून ठेवले असते.

योगायोग असा की त्याच ऑक्टोबरात पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला आणि सौंसर छिंदवाड्यातून निघून त्यात गेले. नॅरोगेज २०१५ मध्येच बंद झाली आणि तिच्या जागी ब्रॉडगेज आली. सरकारी कामासाठी आता घाट चढून छिंदवाड्याला जावयाचे कारण उरले नाही. सिल्लेवानीत रस्ता रुंद झाला आहे आणि ज्या चढावर आम्ही पाऊण तास बसलो, तेथून आजच्या गाड्या गिअर न बदलता जातात. दवाखान्यासाठी आम्ही आजही नागपूरलाच जातो.

वडिलांची अ‍ॅम्बॅसिडर माझ्या अंगणात छपराखाली उभी आहे. ती विकावी असे घरात सर्वांचे मत आहे आणि ते सयुक्तिक आहे. तिच्या कागदपत्रांचा आणि दुरुस्तीचा खर्च तिच्या मोलाहून अधिक होतो. मी अजून होकार दिलेला नाही. या व्याख्यानाची तयारी करीत असताना आपल्या शाळेतील आठवीची काही मुले माझ्याकडे आली होती. गुरुजींची रीत स्मरून मी त्यांना पुस्तकातील आकडे दिले नाहीत. शिंप्याची फीत दिली आणि गाडी मोजावयास सांगितले. लांबी त्यांनी तीनदा मोजली, तिन्ही वेळा ती पुस्तकातील आकड्याहून कमी भरली. मग त्यांच्यात बराच वाद झाला, फीत खोटी की पुस्तक खोटे. एका मुलीने गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या बाजूला वाकून पाहिले आणि मला विचारले, ‘सर, हिला मागचा बंपर नव्हताच का?’

बंपर गंजला म्हणून तीन वर्षांपूर्वी मीच काढून माळ्यावर ठेवला आहे. मुलांनी तो खाली काढला, जागेवर धरला आणि पुन्हा मोजले.